तोंडावरचा हिरवा खण

माणसाला जिवानिशी मारावं असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि तेव्हा माझ्या हातात होता सायकलला हवा भरायचा पंप. तोच हाणला. कानावर बसला. माझ्या दुप्पट अंगाचा गडी, पण मटकन खाली बसला आणि कान धरून ओरडायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आज गुडघे धरून उठायची वेळ आली तरी वाटत नाही. बाई फार उद्धट आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे, मी काही सून म्हणून दाखवायला हे लिहीत नाही.

सन पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. आम्ही बारामतीत गुळाच्या पेठेमागच्या बोळात, भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि मालक. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता घ्यायला जीभ वळत नाही. ते सायकलवरून गावोगावचे आठवडी बाजार करायचे. मागच्या कॅरिअरवर वेताची मोठी पाटी बांधलेली, तिच्यात हळद-कुंकवाचे डबे, हिरवी काकणं, फण्या, करगोटे, चोळीचे खण. कधी निरवांगी, कधी बावडा, कधी इंदापूर. ते पहाटेच सायकल मारत निघायचे आणि जड पेटी घेऊन मी मागून एसटीनं जायची. बाजारातल्या बायका त्यांना ‘कुंकूवाले’ म्हणायच्या. आवाज मऊ, भांडण कशाशी खातात ते ठाऊक नाही. घरातलं सगळं भांडण माझ्याच वाट्याला आलं होतं आणि मी ते मन लावून करायची.

त्या दिवसांत बारामती म्हणजे नुसती धूळ आणि धूर. रस्ते खडी-मुरमाचे. एक लॉरी गेली की मागं असा फुफाटा उठायचा की पुढचा माणूस दिसू नये. उसाचे दिवस आले की कालव्याच्या दोन्ही अंगांना गुऱ्हाळं पेटायची. चुलाणात ओलं चिपाड कोंबलं की धूर वर जायचाच नाही, सकाळच्या गारठ्यात रस्त्यावरच बसून राहायचा. कारखान्याच्या चिमणीची काजळी वाळत घातलेल्या धोतरांवर पडायची. आणि पेठेत गुळाच्या ढेपा भरायला आलेल्या लॉऱ्या, इंजिन चालू ठेवूनच उभ्या! लॉरीवाला उंच बसलेला, त्याला काही नाही. बैलगाडीवाला मागं लांब, त्यालाही काही नाही. तो काळा धूर खायचा सायकलवाल्यानं, तोंड वासून पायडल मारत. आणि चढावर पाटी ओढताना माणूस किती श्वास घेतो ते ज्यानं ओढलीय त्यालाच ठाऊक.

मालकांना आधी खोकला लागला, मग धाप, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. आडवं होता येईना. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायचे. मी शेजारी पडून ती शिट्टी ऐकत राहायची. वाजली तरी भीती, थांबली तरी भीती.

ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, “सायकल सोडा.”

मी म्हटलं, “सोडली. आता खायचं काय, तेवढं पण त्या चिठ्ठीवर लिहून द्या.”

मालकांनी मला डोळ्यांनी दटावलं. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. म्हणाले, “मग नाक-तोंड बांधून चालवा. चार पदरी मऊ कापड, पाण्यातून पिळून. रस्त्यात तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, नाकानंच श्वास घ्यायचा. असेच उघड्या तोंडानं फिरत राहिलात तर ही छाती फार वर्षं काढणार नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही.”

मी घरी आले ती सुई-दोरा घेऊनच बसले. त्यांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड घेतलं, त्याचे चार पदर करून धावदोरा मारला. पांढरं फडकं बांधून बघितलं तर म्हणाले, “मढं झाल्यावाणी दिसतंय गं.” मग माझ्या लग्नातल्या चोळीचा हिरवा खण शिल्लक होता, लाल काठाचा, तो वरून लावला. हिरव्यावर मळ दिसत नाही. दोन्ही अंगांना नाड्या शिवल्या आणि मागं, कानाच्या वर गाठ मारायला शिकवली, कारण कानाखाली मारली की पहिल्या खड्ड्यातच फडकं गळ्यात यायचं. खणाचा काठ बरोबर नाकावर यायचा. मला ते छान वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी बाजार करून आले तेव्हा मी फडकं सोडून आतली बाजू बघितली. जिथं नाक आणि तोंड येत होतं तिथं काळा डाग. बादलीत बुडवलं तर पाणी गढूळ झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस हे सगळं ह्या माणसाच्या छातीत उतरत होतं आणि आम्ही आल्याचा रस आणि मध चाटवत बसलो होतो! पुढं रोज मी ते फडकं धोपटण्यानं बडवून धुवायची, कुणाचा तरी जीव घेतेय अशी. दिवाळीच्या सुमाराला मालक एक दिवस अंथरुणावर आडवे झाले आणि सरळ झोपले. शिट्टी नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले.

लोकांनी सुखानं राहू दिलं असतं तर ते लोक कसले! पेठेत पोरंटोरं ओरडायची, “आला रं दरवडेखोर!” मालक हसून पुढं जायचे. एकदा मी पाठीमागंच चालत होते तर एका लॉरीच्या क्लीनरनं त्यांची सायकल अडवली, फडकं खाली ओढलं आणि तोंडातल्या विडीचा धूर त्यांच्या नाकावर सोडला. मालक खोकून खोकून हँडलवर वाकले. मी त्या क्लीनरच्या मुस्कटात अशी ठेवून दिली की विडी गटारात गेली. वर म्हटलं, “परत हात लावलास त्या फडक्याला तर बोटं चुलीत घालीन.”  घरी येऊन मालक म्हणाले, “मारामारी करू नगंस. मला भ्या वाटतं.”

“कुणाचं? त्याचं का माझं?”

“दोगांचं बी,” म्हणाले.

मग पटकीचं साल आलं. पटकी म्हणजे कॉलरा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की सकाळचा माणूस दुपारी गार. टोचायला माणसं यायची, पण गावं त्यांच्या भरवशावर थांबायची नाहीत, मरीआईचा गाडा काढायची. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. आजार गावात आला म्हणजे मरीआई आली. तिची ओटी भरायची, हिरवा खण, हिरवी काकणं, हळद-कुंकू, लिंबू, सगळं एका पाटीत किंवा लाकडी गाड्यात घालायचं आणि शेजारच्या गावच्या शिवेत नेऊन ठेवायचं. आई त्या गावाला गेली, आपलं गाव मोकळं. नेणाऱ्यानं तोंड बांधायचं. वाटेत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. जिथं त्याचं तोंड उघडेल तिथं आई उतरते. म्हणून शेजारचं गाव शिवेवर गोफणी घेऊन बसलेलं असायचं. पाटीवाला दिसला की हाकलायचा, पण हात लावायचा नाही, लांबूनच. आणि त्याला बोलू द्यायचं नाही.

हे सगळं मालकांना ठाऊक नव्हतं का? होतं. मला नव्हतं का? मी तर ते बघत वाढले. पण आपण दुसऱ्याला कसे दिसतो ते माणसाला कुठं दिसतं? आमच्या लेखी ते फडकं म्हणजे डॉक्टरचं औषध होतं.

बाजार निरवांगीचा होता. मालक नेहमीसारखे पुढं गेले. मी सकाळच्या एसटीत पेटी मांडीशी धरून बसले. वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव मी घेणार नाही, तिथल्या लेकीबाळी आज माझ्या दारावरून जातात. त्या गावच्या शिवेवर रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली. एसटी थांबली. बाहेर माणसांचा गलका. मी खिडकीतून डोकं काढलं.

रस्ता लाल झाला होता. आधी वाटलं रक्त. मग दिसला तो डबा, आमचा कुंकवाचा डबा, उपडा पडलेला. मग चुरडलेली काकणं. मग सायकल आडवी, तिचं मागचं चाक वर आलेलं. चाकाजवळ एक माणूस धुळीत पडलेला आणि दोन गडी लांब बांबूनं त्याला ढोसत होते, मेलेलं कुत्रं वाटेतून सरकवावं तसं. बांधावर बायका उभ्या होत्या. त्यांच्या पदरात दगड होते.

त्या माणसाचं तोंड कुणालाच दिसत नव्हतं. मला दिसला तो खण. लाल काठाचा, माझ्या हातचा धावदोरा असलेला.

काय काय झालं ते मला नंतर कळलं. मालक चढ चढून आले तेव्हा धाप लागलेली. शिवेवरून ओरडा झाला, “मागं फीर! मागं फीर!” त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतायत. पहिला गोफणीचा दगड गुडघ्यावर बसला. सायकलसकट पडले, धोतराचा सोगा साखळीत अडकला. उठता येईना. गावाला वाटलं, हा मुद्दाम बसला, ओझं इथंच उतरवतोय. मालकांनी हात वर करून फडकं खाली ओढायला घेतलं, मी कुंकूवाला आहे म्हणून सांगायला. ओरडा झाला, “त्वांड उघडतोय! हाणा! उघडू देऊ नका!” दगड हातावर बसला, बोट मोडलं. परत हात नेला, दगड तोंडावर बसला. ज्या गावात ते वर्षानुवर्षं कुंकू विकत होते त्या गावाला त्यांचा शब्दसुद्धा ऐकायचा नव्हता. पाटीवाला पायी येतो, हा सायकलवर कसा, असं एकालाही वाटलं नाही. उलट म्हणत होते, आता सायकली झाल्यात, म्हणून सायकलवरनं धाडला.

मी एसटीतून उतरले कशी ते आठवत नाही. कंडक्टरनं दंड धरला होता, त्याच्या हाताला मी चावले ते आठवतं. पळत गेले, सायकलच्या दांडीला लावलेला पंप उपसला आणि बांबूवाल्याच्या कानावर हाणला. तो खाली बसला. दुसऱ्याकडं वळले तर तो बांबू टाकून पळाला. एक दगड माझ्या पाठीत बसला, एक डोक्यावर. मी वळून बघितलं. दगड मारणारी बाई मला ठाऊक होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी आक्का. दर बाजाराला ते कुंकू आमच्याकडूनच न्यायची आणि मालकांना भाकरी-ठेचा बांधून द्यायची. तिच्या हातात अजून एक दगड होता.

मालकांच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि चार पदरांत ते मुरलं होतं. ओलं फडकं, वर रक्त, वर धूळ, नाकपुड्यांवर असं चिकटलेलं की श्वास आत जाईना. ती शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. ज्या फडक्यानं त्यांना श्वास दिला होता तेच आता त्यांचा गळा दाबत होतं. मी मागची गाठ सोडायला गेले. गावातून किंकाळी उठली, “हात लावू नगंस, बये! मरशील! आमाला बी मारशील!”

मी गाठ सोडली. फडकं ओढून काढलं. तोंडात बोट घालून रक्ताची गुठळी आणि पडलेले दात बाहेर काढले. मग तो श्वास आत गेला, फाटक्या भात्यासारखा आवाज करत.

आणि मग दगड थांबले. तोंड दिसलं होतं.

“आगं बया,” आक्का म्हणाली, “हे तर आपलं कुंकूवालं.”

 गर्दी पुढं सरकायला लागली, बघायला, हळहळायला. पुन्हा अंगावर येतायत असं वाटलं आणि माझं डोकं फिरलं. ते रक्ताचं हिरवं फडकं मी मुठीत धरून वर केलं आणि ओरडले, “एक पाऊल म्होरं टाका, हे तुमच्या आडात टाकते! सगळ्या गावाच्या नरड्यात घालते!” पाचावर धारण बसली एकेकाची. माणसं एकमेकांना ढकलत मागं पळाली. मगाशी ज्यांनी माझ्या मालकांना बोलू दिलं नाही, ती आता मला हात जोडून सांगत होती, “काय बी बोलू नगा, वयनी, काय बी बोलू नगा.” मला वाटलं खरोखरच टाकावं. पाय आडाकडं वळलेही होते. पण मागून मालकांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला, मोडक्या बोटांनी.

बैलगाडी बाजूला झाली ती त्या फडक्याच्या धाकानंच. एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, “पटकीचा माणूस गाडीत घेत न्हाय मी.” मी म्हटलं, “ह्यांना पटकी न्हाय, दगडं लागल्यात. घेतोस का हे फडकं तुझ्या सीटवर ठेवू?” घेतलं. कंडक्टरनंच खांद्याला धरून वर चढवलं, हातावर माझे दात उमटलेले होते तरी. निम्मी माणसं उतरून गेली. उरलेल्यांनी पदर, उपरणी, टोपी, जे हाताला लागलं ते नाकाला लावलं. ड्रायव्हरनं रुमाल बांधला, मागं गाठ मारून. इंदापूरच्या दवाखान्यापर्यंत सगळ्या गाडीनं तोंडं बांधली होती. उघडं होतं ते फक्त त्यांचं, आणि फुफाटा खिडकीतून सरळ आत येत होता. मी पदर धरला त्यांच्या नाकाशी. बाकीच्यांकडं बघवत नव्हतं मला.

जगले. पुढचे दात गेले, एक बोट वाकडं राहिलं, बरगड्या मोडल्या त्या जशा जुळायच्या तशा जुळल्या. त्या गावचा पोलीस पाटील नारळ घेऊन दवाखान्यात आला आणि म्हणाला, “गैरसमज झाला, काय धरून बसू नगा.” मी त्याला नारळासकट हाकलला. त्या गावातल्या पटकीचं म्हणाल तर ती त्यांच्याच आडातनं आली होती. आडात औषध टाकलं तशी थांबली.

घरी आल्यावर मी फडकं उकळत्या पाण्यात घातलं, बडवलं, पुन्हा उकळलं. रक्त गेलं, काठाचा रंग जरा उतरला. नवं अस्तर लावलं. मालक पुन्हा सायकलवर बसायला लागले तेव्हा पिळून पुढं केलं.

त्यांनी घेतलं नाही.

“खण बदलते,” मी म्हटलं. “काळं लावते. खाकी लावते. पांढरं ठेवते, मढं तर मढं.”

“न्हाय गं. काय बी नगं.”

“डॉक्टर काय म्हणाले ते इसरलात?”

“न्हाय इसरलो.”

त्या गावात बाजाराला जाऊ नका म्हणून मी जीव तोडून सांगितलं, पण पोटाला कुठलं गाव निवडता येतं? गेलो. आक्का आली. डोळ्यांना पदर लावला, मालकांच्या वाकड्या बोटाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, “त्वांड दिसलं असतं तर हात उचलला असता का रं बाबा? त्वांड दावायचं व्हतं नव्हं.” मला वाटलं तिच्या डोक्यात डबा घालावा. आणि मालक, त्यांनी काय करावं? मान हलवली. “व्हय आक्का,” म्हणाले, “माजंच चुकलं.” आणि तिला कुंकू बांधून दिलं.

त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. तुमचं काय चुकलं? श्वास घेतला ते चुकलं? भर बाजारात ओरडले. माणसं जमली. ते माल आवरत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “चेहरा दिसला की मारत न्हाईत गं. मला परत तसं पडायचं न्हाय.”

 मी दगड पाठीवर झेलला होता, त्यांनी तोंडावर.

तरी सोडलं नाही मी. रोज सकाळी दारात उभी राहून स्वतः बांधायची, गाठ कानाच्या वर. ते बांधून घ्यायचे, भांडायला नको म्हणून. बोळाच्या टोकाला वळले की सोडायचे आणि खिशात घालायचे. मला ठाऊक होतं, कारण संध्याकाळी आतली बाजू पांढरीच्या पांढरी असायची. त्या पांढऱ्या कापडाची मला जेवढी चीड आली तेवढी काळ्या डागाचीही आली नव्हती. एकदा मी ते त्यांच्या अंगावर फेकलं. एकदा सायकलची दोन्ही चाकं फोडली, त्याच पंपाच्या टोकानं ट्यूब भोसकून. त्यांनी गपचूप पंक्चरं काढली आणि दुसऱ्या दिवशी निघाले, उघड्या तोंडानं, लॉऱ्यांच्या मागून, गुऱ्हाळांच्या धुरातून, वाटेत भेटेल त्याला तोंड दाखवत, “राम राम, मी कुंकूवाला” म्हणत. न विचारता म्हणत. 

शिट्टी परत आली. भिंतीला पाठ लावून झोपणं परत आलं. मग थुंकीत लाल दिसायला लागलं आणि मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, कुंकू असेल, बोटाला लागलेलं. डॉक्टरांनी नळी लावली आणि ह्या वेळी सायकल सोडा असंही म्हणाले नाहीत. फार वर्षं काढणार नाही म्हणाले होते, ते खरं झालं.

गेले ते गुऱ्हाळांच्या दिवसांतच. बोळात सकाळचा धूर कोंडलेला, अंगणात तिरडी बांधायला घेतलेली. पेठेतले तात्या पुढं होऊन सगळं बघत होते. बायका माझ्याभोवती बसलेल्या, माझी काकणं अजून हातात होती, मालकांनीच भरलेली. बाजारच्या गावांतून माणसं आली. आक्कापण आली, बाजाराला आली होती, तिथं कळलं म्हणे. तिनं हंबरडा फोडला आणि पुढं सरकून म्हणाली, “त्वांड दाव गं एकदा. शेवटचं बघू दे.”

मी उठले. पेटी उघडली. फडकं घडी घालून तळाशी ठेवलेलं होतं. बादलीत बुडवलं, पिळलं आणि तिच्या अंगावरून पुढं जाऊन त्यांच्या उशाशी बसले.

“आगं काय करतीस?” तात्या म्हणाले. “मढ्याचं त्वांड उघडं ठेवत्यात. माणसं दर्शनाला आल्यात.”

“लई दाखवलं त्यांनी त्वांड,” मी म्हटलं. “आता बास.”

कुणीतरी माझा हात धरायला आलं. मी नुसतं बघितलं, हात मागं गेला. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. खणाचा काठ नाकावर बरोबर आणला. “बांधा आता,” म्हटलं, “आता कोण मारत न्हाय.” आणि गाठ मागं, कानाच्या वर मारली, वाटेत ढिली होऊ नये म्हणून.